सेल चोरीला गेला नव्हता याबाबत

दिनांक १७ फेब्रुवारी, गुरुवार. हा जबाब सोमवारीच द्यायला हवा होता. मधले दिवस मी गप्प राहिले, त्याबद्दल ठाण्याची आणि त्या दिवसांचा ज्यांना त्रास झाला त्यांची माफी मागते.

नाव पहिल्या जबाबात आहे तेच. वय ४६, व्यवसाय विद्यापीठात रसायनशास्त्राची प्राध्यापक, राहणार विद्यापीठाची कर्मचारी वसाहत. कोणी न बोलावता, आपण होऊन ठाण्यात हजर राहून सांगते की,

आमचे विद्यापीठ आणि एक सिमेंट कंपनी मिळून दोन वर्षे एक प्रकल्प चालवत आहेत. कंपनी भट्टीच्या धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड पकडून सिलिंडरमध्ये भरून पाठवते. आम्ही तो वायू पाण्यासोबत एका सेलमध्ये सोडतो, वीज देतो आणि त्यातून अल्कोहोल तयार करतो. सेल म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी चौकोनी पेटी. आत तांब्याचा लेप दिलेले कार्बनचे कापड असते. इथवर लिहून घेतल्यावर हवालदारांनी विचारले, "म्हणजे मॅडम, धुराची दारू?" मी हो म्हणाले. सर्वांना मी तेच सांगत आले आहे.

कंपनीच्या बाजूने हे काम पाहणारे इंजिनीयर माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आहेत. मी त्यांना भाऊजी म्हणते. प्रकल्प त्यांच्याच शब्दावर मिळाला. ते मला प्रोफेसरीणबाई म्हणतात आणि सेलला 'तुझी दारूभट्टी'. प्रयोगशाळेची एक किल्ली मीच त्यांना दिलेली आहे. पहिल्या जबाबात मी ही गोष्ट सांगितली नाही.

सेल सुरू केला की अल्कोहोल भरपूर येते आणि दिवसभरात कमी होत जाते. लेप थकतो, असे मी त्याचे कारण देत आले. नवा लेप दिला की सेल पुन्हा ताजातवाना. लेप देताना तांब्याची पूड अल्कोहोलमध्येच कालवून ब्रशने कापडाला लावतात. ओव्हनमध्ये तांबे काळे पडते, म्हणून आम्ही ते कापड पंख्याखाली वाळवतो. गेल्या महिन्यात बहिणीकडे जेवायला बसलो असताना भाऊजी म्हणाले, "लेप थकतो, की कापड वाळतं गं?" त्यांचे म्हणणे असे, की बाहेर येणारे अल्कोहोल धुराचे नसून आम्हीच कापडात मुरवलेले असेल. मी ते हसण्यावारी नेले. त्या दिवशी जेवण अर्धे टाकून उठले, हे बहिणीच्या लक्षात आले होते.

ही शंका फेडायची रीत आम्ही पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांना शिकवतो. धुरातल्या वायूऐवजी सेलमध्ये आर्गॉन सोडायचा. आर्गॉनमध्ये कार्बन नसतो. तरीही अल्कोहोल आले, तर ते वायूपासून झालेले नाही. भाऊजींनी हे करून बघ म्हणून मला वारंवार सांगितले. पहिल्यांदा आर्गॉनचा सिलिंडर खरेच संपलेला होता. नंतर मी मागवला नाही.

बुधवारी पुढच्या टप्प्याच्या करारावर सह्या व्हायच्या होत्या. त्याआधीच्या रविवारी दुपारी भाऊजींचा आवाजी निरोप आला. तो फोनमध्ये आहे आणि आज ठाण्याच्या साहेबांना ऐकवला आहे. "प्रोफेसरीणबाई, भट्टी घेऊन चाललोय. आमच्या वेल्डिंगवाल्यांकडे आर्गॉन आहे. उद्या सकाळी ये, तुझ्या हातानेच चालवू. सह्यांच्या आधी आपल्या दोघांना तरी कळू दे."

सोमवारी सकाळी मी कारखान्यात गेले नाही. या ठाण्यात आले आणि अज्ञात इसमाने सेल चोरल्याची तक्रार दिली. संशय कोणावर आहे का, असे मला विचारले होते. मी नाही म्हणाले. विद्यापीठाच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यात भाऊजी दिसले आणि पोलिसांनी त्यांना वेल्डिंग शॉपमधून, तिथल्या कामगारांच्या देखत आणले. त्यांनी सांगितले, की सेल मेहुणीला कळवून नेला आहे. त्याची खात्री करायला ठाण्यातून मला फोन आला. मला काही आठवत नाही, असे मी म्हणाले. कंपनीने त्यांना त्याच दिवशी निलंबित केले. तेव्हापासून त्यांना चौकशीसाठी रोज इथे बसवले जात आहे.

बुधवारी करारावर सह्या झाल्या. त्यात माझी सही आहे.

त्यानंतर सेल ओळखून द्यायला मी इथे आले. भाऊजी व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. शेजारी बहीण होती. साहेब आत होते तेवढ्यात मी भाऊजींना हळूच विचारले, की आर्गॉनवर काय आले. ते म्हणाले, "चालवलीच नाही. तू येशील म्हणून थांबलो होतो."

ताईने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि माझ्यासाठी बाकावर जागा केली. मी बसले नाही. आत जाऊन सेल ओळखला आणि घरी गेले.

निरोप मिळालेला असताना तक्रार का दिली, असे आज साहेबांनी विचारले. त्याचे उत्तर असे लिहून घ्यावे, की चोर ठरलेल्या माणसाच्या प्रयोगावर कोणी विश्वास ठेवला नसता.

सेल भाऊजींनी मला कळवून नेला. त्यांनी कोणताही गुन्हा केलेला नाही. खोट्या तक्रारीबद्दल माझ्यावर काय कारवाई होऊ शकते, ते मला समजावून सांगितले आहे. या जबाबाची प्रत कंपनीला आणि आमच्या कुलगुरूंना मी स्वतः नेऊन देणार आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'गैरसमजातून तक्रार दिली' असे एक वाक्य आले. ते मी सांगितलेले नाही. साहेबांनी दयेपोटी घातले असावे. ते खोडून शेजारी सही केली आहे. बाकी मजकूर मी बोलले तसाच आहे.

उद्याचे काम: आर्गॉनचा सिलिंडर मागवणे.