रशियन प्रदर्शनातली खुर्ची

तुम्हाला कधी बोललो नाही, पण मला रशियन येतं. म्हणजे धड एकच वाक्य येतं. लग्नाआधी मी आणि सुधा रशियनच्या वर्गात होतो, तिथेच आमचं जमलं. पुढे डोंबिवलीच्या दोन खोल्यांत ती भाषा एकाच कामाला आली. पाहुणे उठायचं नाव घेईनात, की सुधा त्यांच्यादेखत मला रशियनमध्ये विचारायची, "हे लोक जाणार कधी?" पाहुण्यांना वाटायचं, काय विद्वान जोडपं आहे.

सुधा गेली, तसे पाहुणेही यायचे थांबले. मागच्या आठवड्यात माजिवड्याला रशियाचं प्रदर्शन लागलेलं. म्हटलं, जाऊन कुणाशी तरी बोलू. रॉकेटच्या मॉडेलपाशी तिकडचीच एक मुलगी उभी होती. नमस्कार म्हणायला तोंड उघडलं आणि सवयीने तेच बाहेर पडलं, "हे लोक जाणार कधी?"

ती बिचारी म्हणाली, "आम्ही? रविवारी." आणि मला खुर्ची देऊन चहा पाजला.

मग काय, मी रोज जायला लागलो. ती बोलायची, मला निम्मं कळायचं नाही, मी मान हलवायचो. रविवारी संध्याकाळी त्यांची आवराआवर चाललेली, तरी मी आपला खुर्चीत बसून. तेवढ्यात तिच्या मैत्रिणीने माझ्याकडे बघत तिला हळूच रशियनमध्ये काहीतरी विचारलं.

अख्ख्या आठवड्यात मला पूर्ण कळलेलं ते एकच वाक्य. मी उठलो.