लेखकाची मुलाखत आणि दोन सेल

हसू नका, हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मी चंदीगडला पीएचडी करत होतो. अतिरेकी बस अडवून माणसं मारत होते, ते दिवस. संध्याकाळी वीज गेलेली, आणि मी ट्रान्झिस्टरवर इंग्रजी विज्ञानकथेची श्रुतिका ऐकत होतो. ती संपून लेखकाची मुलाखत सुरू झाली, तोच खालचे म्हातारे घरमालक सरदारजी जिना चढून आले.

"बेटा, ज़रा खबरें लगा दे. मेरे रेडियो के सेल खत्म हो गए."

"अंकलजी, खबरें तो रोज़ वही होती हैं. बस, बीस मिनट."

बिचारे खाटेच्या कडेला टेकले. लेखक हजार वर्षांनंतरच्या माणसाबद्दल बोलत होता आणि मी मान डोलावत होतो. मुलाखत संपेपर्यंत बातम्याही संपल्या.

"अब लुधियाने वाली बस का कहाँ पता चलेगा?" त्यांनी हळूच विचारलं. "मेरा लड़का उसी में है."

मग आम्ही दोघं स्टेशनं शोधत राहिलो, सेल पार उतरेपर्यंत.

मुलगा सकाळी सुखरूप घरी आला. पाठोपाठ सरदारजी वर आले, हातात दोन नवे सेल.

"रख ले, बेटा. कल मेरे चक्कर में तेरे खत्म हो गए."