पण सांगेल तर शपथ!

...आणि वर तोंड करून म्हणतो काय, ‘अरे, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल!’ अहो, कसं माहीत असेल? तुझ्या मशीनवर काय चाललंय ते मला स्वप्नात दिसतं का? आमच्या ऑफिसातला मौनीबाबा हो! प्रोग्रॅमर म्हणून सोन्यासारखा माणूस, पण कुणाला काही सांगेल तर शपथ!

तुम्हाला सांगतो, आमच्या धंद्यात एक फाइल असते. डेटाबेसचा पासवर्ड, मेल पाठवायची किल्ली, असलं सगळं खासगी त्यात. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स म्हणतात, नाव सोडून द्या! ही फाइल ज्याची त्याच्या मशीनवर, दुसऱ्याला द्यायची नाही. पण प्रोग्रॅम सगळ्यांचा एकच, त्याला लागणारी ओळ प्रत्येकाच्या फाइलीत हवीच. आता मौनीबाबाने आपल्या फाइलीत एक ओळ वाढवली, की त्याचं मशीन टुणटुणीत आणि आमची सगळ्यांची आडवी! मग आम्ही आपलाच कोड उसवत बसतो, चहा गार होतो, डोकं तापतं, आणि सगळे निघायच्या वेळेला हा शांतपणे, ‘अरे... ती नवी ओळ नाही का टाकलीस?’ ...नाही रे बाबा, नाही टाकली!

यापायी माझं काय काय बुडालं! मुलीचा वाढदिवस बुडाला, मेहुणीचं लग्न अर्धं बुडालं. शेवटी मुलीचं शाळेत नाटक ठरलं, ती झाड होणार होती, तेव्हा तिने दमच दिला, ‘बाबा, या वेळी नाही आलास ना, तर मी तुझ्याशी कध्धीच बोलणार नाही!’ आणि नेमकं नाटकाच्याच दुपारी मौनीबाबाने ओळ वाढवली. सांगेल तर शपथ!

पण थांबा! आमच्या टीमच्या प्रमुख बाईंनी त्याच आठवड्यात सगळ्यांच्या एडिटरमध्ये, म्हणजे आम्ही कोड लिहितो तिथे, एक्स्टेन्शन नावाची एक छोटी पुरवणी बसवली होती. काय गुणी चीज आहे म्हणून सांगू! मौनीबाबाने ओळ लिहिली रे लिहिली, की ओळीचं नुसतं नाव उचलून सगळ्यांच्या नमुना फाइलीत, म्हणजे नुसत्या नावांच्या यादीत. पासवर्ड मात्र जिथल्या तिथे! इकडे माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात अदबीने, ‘एक नवीन नाव आलं आहे, तुमच्याकडे रिकामं आहे.’ बास! कुणाची चुगली नाही, टोमणा नाही. सांगायचं ते सांगतं आणि पोटात ठेवायचं ते पोटात ठेवतं, असा एक तरी नातेवाईक दाखवा मला! मी मौनीबाबाकडून पासवर्ड घेतला, भरला, मशीन सुरू! मी एक्स्टेन्शनला चक्क हात जोडले आणि सुटलो.

वेळेत पोचलो हो! पहिल्या रांगेत उभा राहून मोबाइल धरला. स्टेजवर झाड! तोंडभर हिरवा कागद, पण बापाला ओळखायला काय लागतं? काय उभी होती, काय डुलत होती! डोळे भरून आले माझे. फक्त तो एक मेला कोल्हा, मुखवटा घालून सारखा झाडाच्या पुढे! सारखा पुढे! शेवटी न राहवून ओरडलो, ‘ए कोल्ह्या, बाजूला हो!’ कोल्हा बिचारा दचकला आणि जाऊन कोपऱ्यात उभा राहिला तो शेवटपर्यंत.

पडदा पडला. मुखवटा काढत कोल्हा माझ्यासमोर आला, ‘बाबा... तू मला बाजूला हो का म्हणालास?’

अहो, धरणी दुभंगेल तर बरं! मागच्या आठवड्यातच झाडाचा कोल्हा झाला होता. बायकोला माहीत, आईला माहीत, खालच्या मजल्यावरच्या काकूंना माहीत, त्यांनी तर शेपूट शिवून दिलं! बायको म्हणते, ‘अहो, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल!’ सांगेल तर शपथ!

घरी आल्यावर दिवाणखान्यात कोल्ह्याचा पुन्हा प्रयोग झाला, एकट्या माझ्यासाठी. मी सगळा वेळ उभा राहून टाळ्या वाजवल्या. मुलगी बोलायला लागली, पण एका अटीवर... झाड मी व्हायचं.

आणि तो शाळेतला व्हिडिओ? तो त्या झाडाचे वडील मागून घेऊन गेले. फार सुंदर आलाय म्हणाले.