कुळवाची मूठ चुलीत गेली तवा

आमचा पुतण्या पुण्यात कंप्युटरवर काम करतंय. सुट्टीला औरादला आला, तर घरी बी फोनवर कामावरल्या दोस्तासंगं भांडायलाय.

मी म्हणलो, "कामून बोंबलायलास रे?"

"काका, आमी सगळे जे लिवतो ते एक यंत्रणा जपून ठेवती, फालतू फाइली बी. न इचारता तिनं कोणत्या फाइली सोडून द्यायच्या, त्याची यादी ठरवायलोत."

"त्यात काय भांडायचं? कचरा दिसला की सोडायचा!"

"एकाचा कचरा दुसऱ्याच्या कामाचा असतंय, काका."

"शिकून येडा झालास. कचरा वळखाया शाळा लागती व्हय?"

तेवढ्यात सुतार आला. कुळवाच्या मुठीसाठी बाभळीचं वाकडं लाकूड मी सालभर परसात वाळवायला ठेवलं होतं. जाऊन बघतो तर लाकूडच न्हाई!

"लाकूड कुठंय?" मी वरडलो.

बायको पाणी तापवायली होती. "सरपणात पडलं होतं, घातलं चुलीत. आता सरपण बी इचारून जाळू व्हय?"

मी असा पेटलो, की चूल बरी!

आतून पुतण्या फोनवर म्हणतंय, "ऐकलास का वरडा? न इचारता टाकलं की असं होतंय. यादी कोरीच ठेव गड्या."