उत्तरेच्या जिन्याची जबानी

हाडांच्या दवाखान्यात पट्टीबाई कोपऱ्यात पट्ट्या गुंडाळत बसल्या होत्या. समोरच्या बाकावर उजवा हात प्लॅस्टरमध्ये अडकलेला एक सुतार आणि त्याची थोरली बहीण. फुटबॉलच्या मैदानावर उत्तरेच्या जिन्यात चेंगरून अकरा माणसं गेली, त्याला आठवडा झाला होता. चौकशी समितीनं वाचलेल्यांना जबानीचे कागद वाटले होते.

"लिही ताई. दोष पोलिसांचा."

"लिहिलं."

"मैदानवाल्यांचाही. केवढा अरुंद जिना तो!"

"बरं. अजून कोणी राहिलंय? रेफरी?"

"थट्टा नको गं."

"नाही करत. पण बसमध्ये जागा मिळावी म्हणून तू नेहमी सामना संपायच्या पाच मिनिटं आधीच निघतोस. मग गर्दीत सापडलास कसा?"

"मी अर्धा जिना उतरलो आणि वर गोल झाला ना! एवढा आरडाओरडा!"

"मग?"

"मग... बघायला उलटा वळलो."

"एकटाच?"

"सगळेच वळले. आणि वरून माणसं उतरतच होती."

"आधी कोण वळलं?"

सुतार छताकडे बघू लागला.

"शाळेत तुझा गृहपाठ मी लिहायचे, तेव्हाही असाच छताकडे बघायचास."

पट्टीबाईंच्या हातातली गुंडाळी थांबली.

"देवाशपथ ताई, जिना अरुंदच होता."

"होताच. ते राहू दे की. खाली अजून जागा आहे."

"लिही मग. आधी वळलो तो मी."

"अक्षर माझं आहे. समितीला वाटेल, मीच पळाले गोल बघायला."

"दे इकडे. डाव्या हातानं लिहितो."

"अहो पट्टीबाई, जरा कागद धरता का? घसरतोय त्याच्या हातून."