दातवाल्या बाईचा परवाना

नाही, पण मी म्हणतो, काढायची तर माझीच पाटी काढायची? एवढीशी! शेजारी टॉवेल वाळत घातला तर टॉवेलच मोठा दिसायचा, एवढीशी माझी पाटी, तात्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, स्वतःच्या हातानं रंगवलेली, वर कात्री, खाली कंगवा, मधे 'केशकर्तनालय'... आता तात्यांची चित्रकला यथातथाच, कंगवा बघून एक गृहस्थ इथं करवतीला धार लावून मिळते का विचारायला आले होते, ते सोडा, पण पाटी होती! भिंतीच्या बाहेर आली होती वीतभर. वीतभर हो! तर पालिकेचे फलकसाहेब आले, खाली उभे राहिले, हात वर केला, हात पाटीला लागला आणि म्हणाले, "पादचाऱ्यांच्या डोक्याला धोका आहे." कुठल्या डोक्याला? अहो, इथं येणारा प्रत्येक जण डोकं घेऊनच येतो, माझ्या स्वाधीन करतो, डोळे मिटतो, आजवर एकाही डोक्यानं तक्रार केलेली नाही! तर म्हणे, नियम आहे. काढली. खिळ्यांसकट.

मान सरळ ठेवा. तुम्हालाच म्हणतोय, खुर्चीवरच्यांना. बाकावरच्या मंडळींनी मान हवी तशी ठेवा, फक्त दाराबाहेर काढू नका. दारावरची नवी पाटी वाचलीत का आत येताना? नाही? बरं झालं. ओघात येईलच.

कर्रर्र...

ऐकलंत? नाही ना? उत्तम. मग वर बघू नका.

हां, तर तुम्हाला सांगतो, माझं दुःख पाटीचं नाही. म्हणजे आहे, पण त्याहून मोठं दुःख समोर उभं आहे. समोरच्या फुटपाथवर. आमच्या शेजारून जो रस्ता येतो ना, तो तिथं संपतो, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी अशी तिथं ती उभी केलीय, तोंड थेट आमच्याकडे. दातवाली बाई! टूथपेस्टची जाहिरात. दोन लोखंडी खांब, त्यावर भला थोरला पत्रा, आणि पत्रा भरून एक बाई हसतेय. एकेक दात आमच्या न्हाणीघराच्या दाराएवढा. खोटं सांगत असेन तर माझ्या वस्तऱ्याची धार जावो... नाही, आत्ता नको जायला, तुमच्या गालावर आहे.

पहिल्यांदा उभी केली तेव्हा सरळ होती. ताठ. आम्हाला वाटलं, बरी आहे, हसरी आहे, सोबत झाली. मग एक दिवस मी आरशात बघतोय... हा आरसा दारासमोर आहे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोक्यामागं आख्खा रस्ता दिसतो... तर आरशाच्या वरच्या कडेला तिची हनुवटी! मी म्हटलं, ही आधी इथं नव्हती. चार दिवसांनी बघतो तर खालचा ओठ. बायकोला हाक मारली, म्हटलं, "अगं, बाई खाली येतेय!" बायको म्हणाली, "कुठल्या बाया बघत असता दिवसभर?" झालं! चहा बंद. मग एका सकाळी ही स्वतः दुकान झाडायला आली, आरशात बघितलं, केरसुणी तिथंच टाकली आणि मला म्हणाली, "अहो, दात."

बस. एवढंच म्हणाली. लग्न झाल्यापासून इतकं थोडक्यात ती कधी बोललेली नाही.

म्हणजे काय, की खांब वाकत होते. पुढं. आमच्यावर. रस्ता इतका अरुंद की ती पडली तर पाय त्या फुटपाथवर आणि दात आमच्या घरात. आणि आमच्या घरात, म्हणजे बरोबर या खुर्चीच्या वर, माडीवरच्या खोलीत, खिडकीशी कोण? तात्या! पाय गेलेत त्यांचे, नजर तर केव्हाच गेली, दिसतं ते सगळं धुक्यातलं. जिना असा की सडपातळ माणसानंसुद्धा श्वास सोडून चढावं. घरातून दुसरीकडं जायचं म्हटलं तर जायचं कुठं? आम्हाला हीच एक जागा, खाली दुकान आणि वर तात्या.

आणि तात्यांचं वेगळंच. मी एकदा दाढी करायला वर गेलो तर म्हणतात, "अरे, आक्का आलीय."

आक्का म्हणजे तात्यांची थोरली बहीण. आक्का जाऊन इतकी वर्षं झाली की मी तिला पाहिलेलीसुद्धा नाही. मी म्हटलं, "कुठं आलीय?" तर खिडकीकडं बोट! म्हणे, "ती काय. दात बघ की, आमच्या घराण्याचे दात. परवा लांब होती, काल जरा पुढं आली, आज बघ कशी वाकून बघतेय. मला न्यायला आलीय रे."

मी वस्तरा खाली ठेवला. म्हटलं, "तात्या, ती जाहिरात आहे." तर मलाच म्हणतात, "आपल्या आत्याला जाहिरात म्हणतोस? लाज नाही वाटत?"

कर्रर्र... काही नाही, काही नाही. वारा आहे. मान सरळ ठेवा, वर बघू नका.

मग मी पालिकेत गेलो. फलकसाहेब पंख्याखाली बसले होते. म्हटलं, "साहेब, समोरची बाई वाकलीय." म्हणाले, "तिच्याकडे परवाना आहे." म्हटलं, "असेल, पण वाकलीय." म्हणाले, "परवाना असलेली वस्तू वाकत नसते. नकाशात सरळ आहे. हे बघा." दाखवला. खरंच सरळ होती हो! "म्हणजे," साहेब म्हणाले, "तुमचं घर वाकडं असेल." मी म्हटलं, "आणि पडली तर?" साहेब खुर्चीत सावरून बसले, म्हणाले, "पडली तर मात्र परवान्याचं उल्लंघन होईल! मग आम्ही तिला सोडणार नाही."

सोडणार नाही! म्हणजे आम्ही तिच्या खाली, आणि हे तिला सोडणार नाहीत!

मी म्हटलं, "माझी पाटी तर हां हां म्हणता काढलीत, मग ही काढा की!" तर शांतपणे म्हणाले, "तुमच्या पाटीला हात पोचत होता. हिला शिडी लागेल. खात्याकडे शिडी नाही." म्हणजे आख्ख्या गावात बेकायदा काय, तर ज्याला साहेबांचा हात पोचेल ते! उंच व्हा, कायदेशीर व्हा!

पण माणूस वाईट नाही हां. मी रडवेला झालेला बघून म्हणाले, "काळजी करू नका. फलक लावतो." आणि लावला की! बाईच्या हनुवटीखाली, जाड पत्र्याचा, नटबोल्टांनी आवळून: 'सावधान. वरील फलक झुकलेला आहे.' आता मला सांगा, आधीच पुढं झुकलेल्या माणसाच्या गळ्यात तुम्ही धोंडा बांधलात तर तो मागं जाईल का पुढं येईल? आरशात वरची दातांची रांग दिसायला लागली. मी परत गेलो. साहेब म्हणाले, "काळजी करू नका. फलक लावतो." लावला: 'या फलकाखाली उभे राहू नये.' लोक ते वाचायला खाली उभे राहायला लागले. परत गेलो. तर अजून एक: 'वरील सूचना वाचण्यासाठी थांबू नये.' आणि तो अंधारात दिसावा म्हणून वर लोखंडी दिवा! चढवला कशावरून विचाराल तर ते मलाही कळलं नाही, शिडी नाही म्हणाले होते. बाईच्या हनुवटीला पाट्यांची दाढी फुटली, आणि ती करायला एवढ्या गावात न्हावी एकच, तो खाली उभा राहून थरथरतोय!

आणि वरून तात्या काठी आपटून ओरडताहेत, "आक्कानं दागिने घातलेत रे! निघायची तयारी दिसतेय!"

मग तुम्हाला सांगतो, एक दिवस भर दुपारी दारात एक गृहस्थ उभे. "अहो, इथं कुठं सलून आहे का? केव्हाचा शोधतोय, कुठं पाटीच दिसत नाही."

वळून बघतो तर कोण? फलकसाहेब!

पाटी कुठं गेली ते तुम्हीच सांगा, असं जिभेवर आलं होतं, गिळलं. म्हटलं, "या, बसा." त्यांना मोठ्या साहेबांकडे जायचं होतं, गुळगुळीत दाढी हवी होती. बसवलं याच खुर्चीत. टॉवेल बांधला. फेस केला, असा दाट फेस केला की नाकाचा फक्त शेंडा बाहेर. डावा गाल झाला. वस्तरा गळ्यावर घेतला आणि... वारा सुटला.

कर्रर्रर्रर्र!

साहेबांनी डोळे उघडले. समोर आरसा. आरशात त्यांच्या डोक्यामागं दात. नुसते दात! बाई नाही, ओठ नाही, आणि ते दात, देवाशपथ सांगतो, सावकाश खाली येत होते.

"हे... हे काय आहे?"

मी म्हटलं, "घाबरू नका साहेब. तिच्याकडे परवाना आहे."

"अहो, ती पडतेय!"

"नकाशात सरळ आहे. तुमची मान वाकडी असेल. सरळ ठेवा, वर बघू नका. वस्तरा गळ्यावर आहे."

साहेब उठायला लागले, मी खांद्यावर हात ठेवला. हलकेच हो. म्हटलं, "साहेब, तुम्ही आज इथं घटकाभर बसलाय. या छताच्या वरच्या खोलीत माझा बाप रोज झोपतो. त्याला वाटतं, त्याची मेलेली बहीण त्याला न्यायला आलीय. आणि मला आता रोज वाटायला लागलंय की त्याचंच बरोबर आहे. काढा तिला. मी हात जोडले असते, पण हातात वस्तरा आहे."

साहेबांच्या डोळ्यांत पाणी! फेसात दोन ओघळ पडले. म्हणाले, "उद्याच्या उद्या माणसं पाठवतो. शिडी घेऊन पाठवतो!"

"शिडी नाही म्हणाला होतात?"

"आहे! आहे हो! शिडी आहे!"

आणि पळाले. अर्धी दाढी तशीच, गळ्यात माझा टॉवेल, मोठ्या साहेबांकडं गेले का कुठं गेले कुणास ठाऊक.

त्या दिवशी मी आणि बायकोनं आनंदानं चहा घेतला. तात्यांना सांगितलं, "उद्या आक्का जाणार." तात्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "मला न घेता?"

आणि सकाळी खरंच माणसं आली! शिडी घेऊन! केवढी उंच शिडी, चकचकीत, खात्याचं नाव घातलेली! माझे हात आपोआप जोडले गेले. ती माणसं रस्ता ओलांडून... नाही. रस्ता ओलांडून तिकडं गेलीच नाहीत. इकडं आली. आमच्या भिंतीला शिडी लावली. जिथं माझी पाटी होती ना, बरोबर तिथं, त्याच भोकांत खिळे ठोकून एक पाटी लावली. नवी कोरी. भिंतीला चिकटून, बोटभरसुद्धा बाहेर नाही. नियमात. मी मागं सरकून वाचली.

'या ठिकाणी केशकर्तनालय होते.'

होते!

मी म्हटलं, "अहो, होते काय? आहे! हा मी उभा आहे! ही कात्री!" तर शिडीवरचा गडी म्हणतो, "आम्हाला काय माहीत? साहेब म्हणाले आत्ताच लावा, नंतर लावायला भिंत कुठं राहणार?" आणि खिशातून धुऊन घडी केलेला माझा टॉवेल काढून दिला. "हा पण दिलाय. चांगले आहेत हो साहेब."

तेव्हापासून हे असं आहे. गिऱ्हाईक येतं, पाटी वाचतं, हळहळतं, निघून जातं. मी दारातून हाका मारतो, "अहो, चालू आहे!", तर लोक माझ्याकडं असं बघतात, जसं काही... जाऊ द्या. एक म्हातारी तर दारात फूल ठेवून गेली. आता आत येतात ते दोनच प्रकारचे, एक, ज्यांना वाचता येत नाही, आणि दुसरे तुमच्यासारखे, चष्मा खिशात ठेवून फिरणारे. बायको म्हणते माहेरी जाऊ. मी म्हणतो, तात्यांना जिन्यावरून खाली आण, मग जाऊ. तात्या म्हणतात, आक्का एवढ्या लांबून आली आणि मी उठून जाऊ?

कर्रर्रर्र...

हा जरा मोठा होता, नाही?

अहो, उठताय काय? अहो, अर्धीच झालीय! वर बघू नका म्हटलं ना... गेले. टॉवेल घेऊन गेले. बरं, बाकावरचं पुढचं कोण? या, खुर्ची रिकामी... अहो मंडळी? अहो, दारात गर्दी करू नका, एकेक जण पळा! तो बाक पाडलात बघा...

गेले सगळे.

तात्या, काठी आपटू नका, ऐकतोय मी! काय? खिडकीला काय टेकलंय? दात? बरं, बरं. तिला म्हणावं, दम धर. खाली कुणी उरलं नाही, पालिकेची पाटी खरी झाली, मी मोकळाच आहे. फेस तयार आहे, वाया कशाला घालवू? घेऊन वर येतो आणि तुमची दाढी करून देतो. उगाच आक्का म्हणायला नको, भाऊ न्हाव्याच्या घरचा आणि दाढी वाढलेली.