उलटी बसलेली प्लेट

पेणच्या एसटी स्टँडवर हेमांगीबाई रोह्याच्या गाडीची वाट बघत होत्या. शेजारी गॅरेजवाला जनू आणि मांडीवर बॅग घेतलेली त्याची मुलगी भाविका. बाईंनी पुस्तक उघडलं, पण पान काही उलटलं नाही.

“घरी चल,” जनू म्हणाला.

“नाय. रोह्याच्या गॅरेजात काम मिळालंय.”

“जुन्या फोर-बाय-फोर जीपचा गिअरबॉक्स बदलायला दिला तुला, तर गिअरच पडत नाय. मी ओरडू नको?”

“चारचौघांत म्हणालात, पोरीच्या जातीला जमत नाय, नि गॅरेजातून हाकललंत. इंजिन बंद असताना गिअर पडतात?”

“पडतात.”

“चालू केल्यावर खरखरतात. म्हंजे पेडल दाबलं तरी क्लच सुटत नाय. गिअरबॉक्स बरोबर हाय, क्लचप्लेट उलटी बसलीय. ती कोणी बसवली, बाबा?”

जनूनं तिच्या मांडीवरची बॅग उचलायला हात घातला.

“कोणी?”

“मी.”

“मग जीपवाल्याला सांगा. आत्ता, माझ्यासमोर.”

जनूनं फोन लावला. “साहेब, चूक माझी हाय. पोरीची नाय.”

रोह्याची गाडी लागली. भाविका उठली.

“आता तरी चल गो. प्लेट सुलटी करायला गिअरबॉक्स परत उतरवायचाय.”

“उतरवा की. ज्या चौघांसमोर मला हाकललंत, त्यांनाच बोलवा धरायला.”